खाण संपल्यावर गावाचं काय करायचं? युद्धानंतरची कोळशाची गावं आणि त्यांचे नकाशे

नकाशावेडा

गेले काही दिवस जुने नगररचनेचे आराखडे चाळायचा नाद लागलाय. त्यात इंग्लंडातल्या डरहॅम काउंटीचा १९५१ चा विकास आराखडा सापडला आणि डोकं भणभणलं, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. महायुद्ध संपलं, ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं, १ जानेवारी १९४७ ला कोळसा खाणी सरकारजमा होऊन नॅशनल कोल बोर्डाकडे गेल्या. त्याच्या पुढेमागे न्यू टाउन्स कायदा (१९४६) आणि नगररचना कायदा (१९४७) आले. म्हणजे खाण सरकारची आणि नकाशाही सरकारचा, असं तिथे पहिल्यांदाच झालं.

डरहॅममध्ये जिथे शाफ्ट (खाणीत उतरायचं उभं विवर) खणला तिथे कंपनीने शेजारीच कामगारांच्या घरांच्या रांगा टाकल्या आणि त्याला गाव म्हटलं, अशी शेकडो गावं. पश्चिमेकडचे थर संपत आलेले, कोळसा आता पूर्वेला समुद्राकडे. मग नियोजनकारांनी काय केलं, तर सगळ्या गावांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले. अ म्हणजे गाव वाढणार, पैसा घाला. ब म्हणजे आहे तसं राहणार. क म्हणजे कमी होणार, बेताने खर्च करा. आणि ड म्हणजे या गावावर यापुढे पैसा घालायचा नाही, नवीन घराला परवानगी नाही, आहेत ती घरं मोडकळीला आली की पाडायची आणि लोकांना दुसरीकडे हलवायचं. पहिल्या यादीत ड वर्गात ११४ गावं होती, पुढे हा आकडा १२१ वर गेला. धोरण अधिकृतपणे मागे घेतलं १९७७ मध्ये!

म्हणजे २५ वर्षं एखाद्या गावाने 'आपण मरणार आहोत' हे कागदावर वाचत जगायचं. मला हे भयंकर वाटलं. तुम्हाला?

तिरकस

आमच्या वेळी शाळेत ड तुकडीतल्या पोरांना असंच वागवायचे. फक्त वर्ग पाडत नव्हते एवढंच.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय, येऊ द्या.

सांजसावली

मी जरा उलटी बाजू मांडते, राग मानू नका.

ही गावं आपण आता लांबून बघतो म्हणून ती एकजीव, जिव्हाळ्याची वगैरे वाटतात. पण त्या रांगांमधल्या घरात बाईच्या नजरेने बघा. संडास मागच्या अंगणात, तोही कितीतरी ठिकाणी कोरडा. खाणीवर अंघोळीची सोय झाली नव्हती तोवर नवरा, दोन मुलगे आणि कदाचित सासरा वेगवेगळ्या पाळीतून काळे होऊन येणार, प्रत्येकासाठी चुलीवर पाणी तापवायचं, पत्र्याच्या टबात अंघोळ घालायची, कपडे झटकायचे, आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर पुन्हा कोळशाची भुकटी. घर कंपनीचं, म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं.

अशा गावात राहणाऱ्या माणसाला कुणी म्हणालं की चल, तुला बाथरूम आणि बाग असलेलं घर देतो, तर तो नाही कशाला म्हणेल? पीटरलीचं उदाहरण नकाशावेडांनी मुद्दाम गाळलंय का? ;)

नकाशावेडा

@सांजसावली, गाळलं नाही हो, दुसऱ्या प्रतिसादासाठी राखून ठेवलं होतं. आता लिहितोच.

पीटरली हे १९४८ मध्ये जाहीर झालेलं नवं शहर, त्याच डरहॅम काउंटीत, ईझिंग्टन, हॉर्डन वगैरे मोठ्या खाणगावांच्या मधोमध. आणि तुमचा मुद्दा खरा आहे, हे शहर वरून लादलेलं नव्हतं. स्थानिक ग्रामीण परिषदेच्या सी. डब्ल्यू. क्लार्क नावाच्या सर्व्हेअरने एक अहवाल लिहिला, त्याच्या नावाचाच अर्थ 'बकालपणा, तुला रामराम' असा, आणि इथल्या लोकांनीच सरकारकडे शहर मागितलं. नावसुद्धा कुणा लॉर्डचं नाही. पीटर ली हा दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला पोरगा, पुढे डरहॅमच्या खाणकामगारांचा पुढारी आणि काउंटी परिषदेचा अध्यक्ष झाला, त्याचं नाव दिलं.

आराखडा करायला आणलं कुणाला, तर बर्थोल्ड ल्युबेटकिनला. जन्म तिबिलिसीचा, पक्का डावा, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं पेंग्विनांचं ते वळणावळणाचं काँक्रीटचं तळं (१९३४) याचंच. त्याच्या डोक्यात खाणकामगारांची राजधानी होती, मधोमध उंच इमारती, गजबज, लांबून दिसेल असं शहर. दोन वर्षं भांडला आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन ग्लॉस्टरशायरला आपल्या शेतीवर डुकरं पाळायला परत गेला.

वाचनमात्र

का पण? पैसे नव्हते का?

खडूस_इंजिनेर

पैसे नाही, कोळसा. शहराच्या बरोब्बर खाली कोळसा होता आणि कोल बोर्डाला तो काढायचा होता.

जरा तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका. लाँगवॉल पद्धतीत कोळशाचा थर सलग कापत पुढे जातात आणि मागचं छत मुद्दाम कोसळू देतात. ते कोसळलं की वरची जमीन खचते. आणि ती सरळ खाली बसत नाही, खाली कापणी पुढे सरकते तशी वर जमिनीत एक लाट सरकते, आधी जमीन ताणली जाते मग दाबली जाते. छोटं घर असेल तर ते त्या लाटेवर होडीसारखं कसंबसं तरून जातं, लांबलचक किंवा उंच इमारत असेल तर एक टोक वर आणि एक खाली, की गेलीच तडकून. यावर उपाय दोनच, एक तर खाली कोळशाचे खांब सोडायचे (म्हणजे तेवढा कोळसा बुडाला), नाहीतर वर हलकं, बुटकं आणि विरळ बांधायचं.

बोर्ड म्हणालं विरळ बांधा. ल्युबेटकिन म्हणाला कुठला भाग कधी कापणार ते आधी ठरवा, मी त्या क्रमाने बांधतो. एक खातं कोळशाचं, एक नगररचनेचं, दोघांचं जमेना, मध्ये हा अडकला. त्या काळात ब्रिटनला कोळसा इतका हवा होता की कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

याच खचण्यातून एक भारी गोष्ट मात्र निघाली ती सांगायलाच हवी. नॉटिंगहॅमशायरमध्ये शाळांना तडे जायचे. तिथले काउंटी आर्किटेक्ट डोनाल्ड गिब्सन, हे आधी बाँबहल्ल्यात भाजून निघालेल्या कॉव्हेंट्रीत होते, त्यांच्या चमूने हलक्या पोलादी सांगाड्याची शाळा काढली, खाली खोल पाया नाही, नुसती पातळ फरशी आणि सांगाड्याच्या तिरक्या आधारांमध्ये स्प्रिंगा! जमीन हलली की शाळा पण मुकाट्याने हलते आणि परत बसते. १९५७ मध्ये बऱ्याच काउंटींनी मिळून त्याची क्लास्प नावाची संघटना केली, १९६० च्या मिलान त्रिएनाले या डिझाइनच्या प्रदर्शनात त्या शाळेला बक्षीस मिळालं. नंतर जिथे खाण नाही तिथेही हीच पद्धत वापरायला लागले ते सोडा.

तिरकस

स्प्रिंगवर शाळा!! आणि पोरांना म्हणायचे हलू नका, हाताची घडी तोंडावर बोट.

अभ्यासू नाना

उत्तम चर्चा. पीटरलीची गोष्ट अर्धीच राहिली म्हणून पुढचं.

ल्युबेटकिन गेल्यावर साधी, सुटी सुटी घरं बांधायला लागले, आणि ती इतकी नीरस व्हायला लागली की १९५५ मध्ये व्हिक्टर पास्मोर या अमूर्त चित्रकाराला बोलावलं. चित्रकाराला वस्ती आखायला! त्याने सनी ब्लंट्स नावाच्या भागात सपाट छपरांची, चौकोनी, चित्रासारखी घरं रचली. इंग्लंडातला पाऊस आणि सपाट छप्पर, पुढचं सांगायला नको, गळायला लागली आणि नंतर त्यांच्यावर उतरती छपरं चढवावी लागली.

वस्तीच्या मधोमध तळ्यावर त्याने काँक्रीटचा अपोलो पॅव्हेलियन उभारला, पूर्ण झाला १९६९ मध्ये, चांद्रमोहिमेवरून नाव. ना घर ना पूल ना देऊळ, आत शिरून हिंडायचं एक शिल्प. पोरांनी त्यावर वाट्टेल ते लिहिलं, रात्रीचे उद्योग सुरू झाले, रहिवासी म्हणाले पाडा. पास्मोर १९८२ मध्ये स्वतः तिथे आला आणि म्हणाला की या गिरगटण्याने उलट ते सुधारलंय! लोकांची काय चिडचिड झाली असेल. पुढे लॉटरीच्या निधीतून २००९ मध्ये डागडुजी झाली आणि २०११ मध्ये वारसा यादीत वरच्या श्रेणीत गेलं. ज्यांनी पाडा म्हटलं त्यांना त्याच्या शेजारी राहायचं होतं, ज्यांनी वाचवलं त्यातले बहुतेक तिथे राहत नव्हते, हे मला या प्रकरणात सारखं खटकतं.

सांजसावली

नाना, शेवटच्या वाक्याला +१००.

पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. गळकं का होईना, आतमध्ये संडास असलेलं घर होतं.

नकाशावेडा

ते मान्य. घर चांगलं हवं यावर कुणाचाच वाद नाही. माझं दुखणं वेगळंय. ड वर्गातल्या गावातसुद्धा तीच माणसं होती ना, मग तिथेच नळ, गटार, नवं घर का नाही? कारण आराखड्याचं गणित असं होतं की खाण संपली म्हणजे गावाचं कारण संपलं. डरहॅममधलंच विटन पार्क हे गाव घ्या. तिथला लोखंडाचा कारखाना १९ व्या शतकातच बंद पडला होता, लोक तरी राहत होते, बसने दुसरीकडे कामाला जायचे, काहींची घरं स्वतःच्या मालकीची. त्यालाही ड. रांगाच्या रांगा पाडल्या, लोक भांडत राहिले आणि गाव आजही आहे. यादीतली बहुतेक गावं पूर्ण पुसली गेलीच नाहीत, अर्धवट पाडलेली, मध्ये गवत उगवलेली अशी उरली.

आणि गंमत (कसली गंमत) बघा, ज्या पूर्वेकडच्या खाणींच्या भरवशावर लोकांना हलवलं त्या तरी कुठे टिकल्या? हॉर्डन १९८७ ला बंद, ईझिंग्टन १९९३ ला. म्हणजे अ वर्गाचं कारण पण ४० वर्षांत संपलं. मग पीटरलीला आता ड द्यायचा का?

खडूस_इंजिनेर

नकाशावेडा, १९५१ मध्ये बसून १९८७ दिसत नसतं हो. नियोजन करणाऱ्याला काहीतरी गृहीत धरावंच लागतं. हातात पैसा मोजका, सिमेंट मोजकं, साडेतीनशेच्या आसपास वस्त्या, सगळीकडे गटार घालणार कसं? मी त्या खुर्चीत असतो तर मीही यादीच केली असती. अ-ब-क-ड अशी नावं मात्र दिली नसती, तेवढी अक्कल आहे.

अभ्यासू नाना

@खडूस, गृहीतकं किती चटकन कोसळू शकतात याचं सर्वात झणझणीत उदाहरण स्कॉटलंडमधलं, ग्लेनरॉथिस.

फाइफमध्ये रॉथिस नावाची महाकाय खाण खणायला घेतली १९४६ मध्ये, शंभर वर्षं चालेल असा हिशोब. तिच्यासाठी १९४८ मध्ये ग्लेनरॉथिस नवं शहर जाहीर. खाणीवर काँक्रीटचे दोन प्रचंड मनोरे, १९५८ मध्ये खुद्द राणी एलिझाबेथ येऊन उद्घाटन करून गेली, खाली उतरून पाहणीसुद्धा केली. आणि १९६२ मध्ये खाण बंद! पाणी. खाली इतकं पाणी लागलं की उपसता उपसेना, आणि भूगर्भही सांगितला तसा निघाला नाही. असं म्हणतात की जुन्या खाणकामगारांनी आधीच सांगितलं होतं की इथे पाणी आहे.

पण ग्लेनरॉथिस मेलं नाही. शहर खाणीसाठी काढलं तरी आखणाऱ्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं की फक्त खाणकामगारांचं गाव करायचं नाही, इतर धंद्यांची माणसंही हवीत. शिवाय शहराचं स्वतःचं विकास महामंडळ होतं, त्याने लगेच धावाधाव करून इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या आणल्या. ज्या कारणासाठी जन्म झाला ते कारण चार वर्षांत गेलं आणि शहर तगलं. ते मनोरे १९९३ मध्ये सुरुंग लावून पाडले.

याच्या उलट जर्मनीतलं वुल्फेन. रुर या कोळशाच्या पट्ट्याच्या उत्तर टोकाला, नव्या खाणीसाठी १९६१ ची स्पर्धा, ५० हजारांहून जास्त वस्तीचा आराखडा, आर्किटेक्ट फ्रिट्झ एगेलिंग. तेवढ्यात तेल स्वस्त झालं, कोळशावर संकट आलं, खाण कधी नीट चाललीच नाही. रस्ते ५० हजारांचे आणि माणसं त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. तिथे मेटाष्टाट नावाचं पोलादी ठोकळ्यांचं घरसंकुल उभारलं, हवं तसं वाढवता येईल अशी कल्पना, १९७५ च्या सुमारास लोक राहायला आले, गळायला लागलं, १९८७ मध्ये सगळं उचकटून टाकलं. वाढवायचं राहिलंच.

तिरकस

या धाग्यात आत्तापर्यंत काय काय गळलं याची कुणीतरी यादी करा.

फिरस्ती

समाजवादी देशांची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितोय. चेकमधलं मोस्त प्रत्यक्ष पाहिलंय.

इंग्लंडात निदान 'हळूहळू मरू द्या' असं होतं, इथे १९६४ मध्ये सरकारने ठरवलं की अख्खं जुनं शहर पाडायचं कारण त्याच्याखाली लिग्नाईट (तपकिरी कोळसा) आहे. मध्ययुगीन शहर, चौक, थिएटर, दारूची भट्टी, सगळं. शेजारी नवं मोस्त बांधलं, रुंद रस्ते, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पॅनेलांच्या इमारती, आणि लोकांना तिकडे हलवलं. ज्यांना जुन्या ओलसर घरातून नव्या फ्लॅटमध्ये गरम पाणी मिळालं ते खूषही होते असं सांगतात, सांजसावली म्हणतात तसं.

एकच गोष्ट वाचवली, १६ व्या शतकातलं गॉथिक चर्च. ते पाडलं नाही तर सरकवलं! मनोरा आधी काढला, भिंतींना आतून बाहेरून पोलादी कडं केलं, खाली ५३ गाडे घातले, आणि १९७५ च्या ऑक्टोबरात सुमारे चार आठवड्यांत रुळांवरून ८४१ मीटर नेलं. वजन अंदाजे १२,००० टन, वेग मिनिटाला दोनेक सेंटिमीटर. आता ते एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीपाशी उभं आहे, आत गेलं की छताच्या कमानी बघून मान दुखते आणि बाहेर आलं की कळत नाही हे इथे एकटं का उभं आहे.

आणि जुनं शहर जिथे होतं तिथे काय? खाण संपली, खड्ड्यात २००८ पासून पाणी सोडलं, २०२० मध्ये लोकांसाठी तलाव खुला केला. पोरं पोहतात. मी काठावर बसून नकाशा लावून बघत होतो, चौक साधारण कुठे असेल.

वाचनमात्र

बापरे. अंगावर काटा.

पण मग कोळसा नसलेल्या जागीच शहर का नाही बांधत सरळ?

फिरस्ती

बांधली की. पोलंडचं तिखी बघा. वरच्या सायलेशियात कातोविचेच्या आसपास खाणी, कारखाने, धूर आणि खचणारी जमीन, म्हणून १९५० मध्ये ठरलं की दक्षिणेला, खाणींच्या पट्ट्याबाहेर नवं शहर करायचं आणि कामगारांनी रेल्वेने ये-जा करायची. काझिमिएझ वेखर्ट आणि हान्ना आदामचेव्स्का या जोडप्याने त्या शहरावर दशकानुदशकं काम केलं. वस्त्यांना नावं बाराखडीसारखी, ए, बी, सी, डी. पण इथे डी म्हणजे मरा असं नाही, नुसता चौथा नंबर!

ए वस्ती त्यांची नव्हे, तेओदोरोविच-तोदोरोव्स्कीची, स्तालिनच्या काळातल्या थाटाची, कमानी नि पुतळे. पुढच्या अक्षरांत तो थाट उतरत जाऊन शेवटी नुसती पॅनेलं. एका शहरात चालत चालत राजकारण कसं बदललं ते दिसतं.

चेकमध्येच हाविर्झोव्ह, १९५५ चं, नावच 'हाविर्झ' म्हणजे खाणकामगारावरून. आणि जवळच जुनं कार्विना, तिथे शहर खचत खचत नाहीसं झालं, एक चर्च उरलं ते जमिनीसकट ३७ मीटर खाली गेलंय आणि तिरकं झालंय. आत अजून प्रार्थना होते.

अभ्यासू नाना

पूर्व जर्मनीतलं होयर्सवेर्डा राहिलं. १९५५ ला श्वार्त्स पुम्पे हा लिग्नाईटचा प्रचंड प्रकल्प सुरू झाला आणि त्याच्या कामगारांसाठी १९५७ पासून नवं शहर, सगळं कारखान्यात ओतलेल्या पॅनेलांचं. सात-आठ हजारांचं गाव सत्तर हजारांच्या वर गेलं. घरं भराभर झाली पण शहराचं केंद्र मात्र कायम 'पुढच्या योजनेत', मोठं डिपार्टमेंट स्टोअर आलं १९६८ ला आणि सांस्कृतिक भवन उघडलं १९८४ ला. म्हणजे पहिल्या भाडेकरूची नातवंडं नाटक बघायला गेली. १९९० नंतर नोकऱ्या गेल्या, माणसं पश्चिमेला गेली, लोकसंख्या निम्म्याहून खाली आली आणि तीच पॅनेलं क्रेनने एकेक उतरवून काढायला लागले.

सांजसावली

सगळे घरांबद्दल बोलताय, एक गोष्ट कुणीच काढली नाही. वेल्समधलं आबरवान.

२१ ऑक्टोबर १९६६, डोंगरावर रचलेला खाणीच्या मातीचा सात नंबरचा ढिगारा घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. ढिगारा झऱ्यावर टाकला होता. नगरपालिकेच्या इंजिनिअरने १९६३ मध्येच शाळेमागच्या धोक्याबद्दल पत्रं लिहिली होती. गावात कुठे काय बांधायचं यावर इतके कायदे, इतके नकाशे, आणि गावाच्या डोक्यावर काय रचायचं ते खाण ठरवणार. ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा आला तो १९६९ मध्ये. वर उरलेले ढिगारे हलवायला लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले, ते सरकारने परत केले १९९७ मध्ये.

मी मघाशी नियोजनाची बाजू घेत होते, अजूनही घेते. पण कोणाच्या नकाशावर काय येत नाही हेही बघायला हवं.

नकाशावेडा

यावर काय लिहू. सुन्न.

@खडूस, तुमच्या 'मीही यादी केली असती' वर विचार करत होतो. जपानचं युबारी आठवलं. होक्काइदोमधलं कोळशाचं शहर, दरीत नदीकाठाने लांबलचक पसरलेलं, जिथे खाण तिथे वस्ती. १९६० मध्ये लाखाच्या वर माणसं, शेवटची खाण १९९० ला बंद, मग पर्यटनावर वारेमाप खर्च आणि २००७ मध्ये शहराचं दिवाळं. आता सात हजारसुद्धा नाहीत. तिथे उरलेल्यांना एका ठिकाणी जवळ आणायचं चाललंय, नाहीतर बर्फ कुठकुठला काढणार आणि पाइप कुठकुठले सांभाळणार. म्हणजे शेवटी यादीच. फरक एवढाच की इथे म्हाताऱ्यांशी बोलून, एकेका इमारतीतून, त्याच शहरातल्या त्याच शहरात हलवतायत.

खडूस_इंजिनेर

तेच म्हणतोय मी. यादी टळत नाही.

नकाशावेडा

यादी टळत नसेल, पण ती गावाला वाचून कोण दाखवतं आणि वाचल्यावर गाव 'नाही' म्हणालं तर ऐकणारं कुणी आहे का, एवढंच विचारतोय. विटन पार्कवाल्यांनी २५ वर्षं 'नाही' म्हटलं.

तिरकस

गळक्यांची यादी: पास्मोरची घरं, मेटाष्टाट, रॉथिसची खाण (ही उलटी, खालून गळली). ल्युबेटकिनचे उंच मनोरे गळले नाहीत कारण बांधलेच नाहीत.

वाचनमात्र

@फिरस्ती, मोस्तच्या तलावाच्या तळाशी जुन्या शहराचं काही उरलंय का? भिंती वगैरे?

फिरस्ती

नाही हो. आधी शहर पाडलं, मग त्याच्याखालची माती काढली, मग तिच्याखालचा कोळसा काढला. तळाशी काही असायला तळच नवा आहे.